राबणाऱ्या देहाचें शास्त्र

भूम हा धाराशिव जिल्ह्यांतील बालाघाटाच्या माथ्यावरचा तालुका. पाऊस बेताचा, जमीन बहुतेक कोरडवाहू, आणि जोडीला दूधदुभतें. तेथें दिवस उजाडतो तो दोन प्रकारच्या माणसांच्या पावलांनीं. दुधाच्या किटल्या घेऊन माणसें खव्याच्या भट्ट्यांकडे निघतात, आणि त्यांच्याहि आधीं, अंधार असतांनाच, परंड्याकडे, बार्शीकडे, वाशीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर तरुण मुलें धावूं लागतात. त्यांतील बहुतेकांच्या डोळ्यांपुढें पोलिसभरती असते. कोणाच्या डोळ्यांपुढें सैन्य असतें. पोलिसभरतींत मुलग्यांस १६०० मीटर धावावें लागतें, त्यास २० गुण. १०० मीटरच्या धावेस १५ आणि सव्वासात किलोंच्या गोळाफेकीस १५. मुलींस ८०० मीटर धाव आणि चार किलोंचा गोळा. या ५० गुणांसाठीं हीं मुलें दोन-दोन, तीन-तीन वर्षें देह झिजवितात.

त्यांचे कष्ट पाहून कोणासहि कौतुकच वाटेल. परंतु त्यांपैकीं एखाद्यास थांबवून विचारावें, बाबा रे, धावण्यापूर्वीं अंग किती वेळ मोकळें करावें आणि कां करावें? नडगी दुखूं लागली तर धाव चालू ठेवावी कीं थांबवावी? रोज तेवढेंच धावल्यानें वेग वाढतो कीं मध्यें विसावा घेतल्यानें? उन्हांत चक्कर आली तर पहिल्या पांच मिनिटांत काय करावें? उत्तर मिळालेंच तर तें मागच्या वर्षीं भरती झालेल्या मित्राचें असतें, एखाद्या अकादमींतील दादाचें असतें, किंवा भ्रमणध्वनीवर पाहिलेल्या चित्रफितीचें असतें. महाविद्यालयाचें उत्तर त्यांत नसतें. आणि हीं मुलें तर ऐन शिकण्याच्या वयांत, अकरावी-बारावीच्या पटावर आहेत! जून २०२४ मध्यें ठाणे जिल्ह्यांतील बाळेगांव येथें राज्य राखीव पोलिस दलाच्या भरतींत धावल्यानंतर एक तरुण उमेदवार मरण पावला, ही गोष्ट वर्तमानपत्रांत दोन दिवस राहिली आणि विरून गेली. तिच्यांतून शिक्षणखात्यानें कांहीं शिकावयाचें आहे असें कोणास वाटलें नाहीं. आम्हांस तसें वाटतें, आणि म्हणूनच आज हा विषय आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

कोणी म्हणेल कीं, उच्च माध्यमिक अभ्यासक्रमांत ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’ हा विषय आहेच, आणि तो सक्तीचाहि आहे. खरें आहे. परंतु बारावीच्या गुणांचा हिशोब पाहावा. सहा विषयांचे ६००, पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा यांचे ५०, एकूण ६५०. या बेरजेंत आरोग्यास व शरीरास जागा नाहीं. त्यांस मिळते ती नुसती श्रेणी, आणि तीहि महाविद्यालयानें घरच्या घरीं द्यावयाची. ज्या विषयाची परीक्षा मंडळ घेत नाहीं, ज्याचा एकहि गुण बेरजेंत पडत नाहीं, त्या विषयाच्या तासाचें काय होतें हें आम्हीं सांगावयास नको. तो तास कधीं गणितास जातो, कधीं इंग्रजीस जातो, आणि पुष्कळदां कोणासच जात नाहीं. श्रेणी मात्र वर्षाअखेर प्रत्येकास मिळते. पळत असलेल्या मुलास मिळते, पांगळ्यासारखा बसून राहिलेल्यास मिळते, आणि महाविद्यालयाचें तोंड न पाहतां लातुरास शिकवणी करणाऱ्यासहि मिळते. तळमळीनें शिकविणारे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक आम्हांस माहीत नाहींत असें नाहीं. त्यांच्यामुळेंच कांहीं ठिकाणीं मैदानें जिवंत आहेत. पण ज्या पीठावर बसवून त्यांस शिकवावयास सांगितलें आहे, त्या पीठास पायच नाहींत.

दुसरीकडे एक चमत्कार पाहावा. शरीराच्या हालचालीचें शास्त्र अकरावीच्या पुस्तकांत आहे. विज्ञान शाखेच्या जीवशास्त्रांत सांगाडा व हालचाल यांवर एक संबंध प्रकरण आहे. परंतु विज्ञान शाखा बहुतेक ठिकाणीं इंग्रजींतून चालते, आणि तें प्रकरण पाठ होतें तें वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या १८० प्रश्नांपैकीं एखाद-दुसऱ्यासाठीं. स्नायूच्या सूक्ष्म तंतूंचीं इंग्रजी नांवें घडाघडा सांगणाऱ्या मुलानें स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून नाडी मोजलेली नसते. आणि जो पहांटे नाडी फुटेस्तोंवर धावतो, तो बहुधा कला शाखेंत मराठींतून शिकत असतो. त्याच्या वाट्यास तें प्रकरण येत नाहीं. ज्यास पुस्तक आहे त्यास मैदान नाहीं, आणि ज्यास मैदान आहे त्यास पुस्तक नाहीं. आमच्या शिक्षणाच्या व्यवस्थेंतील हा सर्वांत मोठा अन्याय नसेल; पण सर्वांत सहज दुरुस्त होण्याजोगा अन्याय आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आमचें म्हणणें एका वाक्यांत सांगावयाचें तर तें असें: भूमसारख्या तालुक्यांतील मुलें ज्या देहाच्या बळावर जन्मभर पोट भरणार आहेत, त्या देहाचें व त्याच्या हालचालीचें शास्त्र अकरावी-बारावीस परीक्षेचा पूर्ण विषय म्हणून, मराठींतून आणि सर्व शाखांस खुलें करून शिकविलें पाहिजे.

ही कल्पना कोठल्या तरी दूरच्या देशांतून उचललेली आहे असें समजण्याचें कारण नाहीं. ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स प्रांतांत शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत आरोग्य व हालचालीचें शास्त्र हा परीक्षेचा विषय आहे, हें खरें. पण तितकें लांब जावयास नको. आपल्याच देशांतील केंद्रीय माध्यमिक मंडळानें अकरावी-बारावीस शारीरिक शिक्षण हा ऐच्छिक विषय ठेवला असून त्यांत ७० गुणांची लेखी व ३० गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा असते. व्यायामानें शरीरांत होणारे पालट, दुखापती, हालचालींमागील बलांचा विचार हें सर्व त्यांत शिकवितात. म्हणजे पुण्या-मुंबईच्या केंद्रीय शाळेंतील मुलास जें मिळूं शकतें, तें भूमच्या मुलास मिळत नाहीं, एवढाच काय तो फरक.

शिवाय हें शास्त्र मराठी भूमींत परकें नाहीं. गांवोगांवच्या मारुतीपुढील तालमी तर जुन्याच. टिळकांनीं महाविद्यालयांतील पहिलें वर्ष पुस्तकांऐवजीं शरीर कमावण्यास दिलें ही गोष्ट शाळकरी मुलांसहि ठाऊक आहे. परंतु तालमीच्या पुढचें पाऊल, म्हणजे व्यायामाचें शास्त्र, तेंहि आपल्याच लोकांनीं टाकलें. अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलें. त्याच मंडळाच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं देशी खेळ जगास दाखविले. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापिलें आणि योगाच्या क्रियांनीं शरीरांत नेमकें काय घडतें हें क्ष-किरणांनीं व दाबमापक यंत्रांनीं तपासूं लागले. बडोद्याहून दत्तात्रेय चिंतामण मुजुमदारांनीं दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश मराठींत प्रसिद्ध केला. ज्या भाषेंत शंभर वर्षांपूर्वीं हें काम सुरू झालें, त्या भाषेंत आज अकरावीच्या मुलास दोनशें पानांचें नीट पुस्तक देतां येणार नाहीं, असें म्हणणें हा आपल्या पूर्वसूरींचा उपमर्द आहे.

आणि धाराशिव जिल्ह्यास तर या बाबतींत विशेष अधिकार आहे. खो-खोचे नियम पुण्यास विसाव्या शतकाच्या आरंभीं बांधले गेले. पण या खेळाचा जीव आज धाराशिवच्या मैदानांत आहे असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. या जिल्ह्याच्या सारिका काळे यांनीं २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेंत भारताच्या महिला संघाचें नेतृत्व करून सुवर्णपदक मिळविलें, आणि २०२० सालीं त्यांस अर्जुन पुरस्कार मिळाला. नवी दिल्लीस जानेवारी २०२५ मध्यें झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकांत भारताच्या महिलांनीं जेतेपद पटकाविलें, त्या संघांत धाराशिवची अश्विनी शिंदे होती. शेजारच्या बीड जिल्ह्यांत आष्टी तालुक्यांतील मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यांत गेला, तेथें अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळला, आणि २०२२ सालीं राष्ट्रकुल स्पर्धेंत रौप्यपदक व पुढें हांगचौच्या आशियाई स्पर्धेंत सुवर्णपदक घेऊन आला. या मातींत बळ आहे याचा आणखी पुरावा कशास हवा?

पण याच गोष्टीची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. सारिकाबाईंनीं स्वतः सांगितलें आहे कीं, कित्येक वर्षें घरच्या गरिबीमुळें त्यांस दिवसांतून एकदांच जेवण मिळे. अशा स्थितींतून एक सारिका वर आली. किती जणी वाटेंत गळाल्या, याचा हिशोब कोणीं ठेवला आहे? खो-खोंत खेळाडू गुडघ्यांवर बसतो, क्षणांत उठतो, पूर्ण वेगानें धावतो आणि खांबाशीं एकाएकीं वळतो. वळतांना सगळ्या देहाचा भार एका गुडघ्यावर येतो. वयांत येणाऱ्या मुलींच्या गुडघ्याचा बंध अशा वळणांत मुलांपेक्षां अधिक वेळां तुटतो, हें आतां जगभर सिद्ध झालेलें आहे. आणि उडी घेऊन उतरतांना गुडघे आंत न झुकूं देण्याचा व मांड्या बळकट करण्याचा सराव केला तर तो धोका पुष्कळ कमी होतो, हेंहि सिद्ध झालेलें आहे. हा सराव शिकावयास पैसा लागत नाहीं. लागतें तें ज्ञान. तें नसलें म्हणजे मुलगी एक दिवस लंगडत घरीं येते, आई हळदीचा लेप लावते, बाप म्हणतो, ‘झाला तेवढा खेळ पुरे,’ आणि वर्षाच्या आंत तिचें लग्न ठरतें. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीप्रमाणें महाराष्ट्रांत विशींतील स्त्रियांपैकीं शेंकडा २२ जणींचीं लग्नें अठरा वर्षांच्या आंत झालेलीं होतीं, हें येथें आठवावें.

त्याच पाहणीनें आणखी एक आंकडा दिला आहे. राज्यांतील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ जणी पंडुरोगी आहेत. रक्तांतील लोहयुक्त द्रव्य फुप्फुसांतून प्राणवायु घेऊन स्नायूंस पोंचवितें; तें कमी पडलें कीं दम लागतो, पाय जड होतात, वाचलेलें ध्यानांत राहत नाहीं. घरांत अशा मुलीस ‘आळशी’ म्हणतात, वर्गांत ‘ढ’ म्हणतात. ती आळशीहि नसते आणि ढहि नसते. तिच्या रक्तांत प्राणवायु वाहणारे हमाल कमी असतात, इतकेंच. अकरावींतल्या मुलीस आपल्या रक्ताचा आंकडा वाचतां आला, १२ ग्रॅमच्या खालीं तो कां जाऊं नये हें कळलें, आणि जेवणांत काय वाढवावें व गोळी चहाबरोबर कां घेऊं नये हें समजलें, तर त्या एका धड्यानें किती घरें बदलतील! ज्या तालुक्यांत एका किलो खव्यासाठीं चार-पांच लिटर दूध आटतें आणि तो खवा परगांवीं जातो, त्या तालुक्यांत मुलाच्या पेल्यांत किती दूध पडतें, हा प्रश्नहि याच धड्यांत विचारला गेला पाहिजे.

याहून भयंकर गोष्ट सांगावयाची राहिली आहे. या पट्ट्यांतून दरवर्षीं हजारों कुटुंबें ऊसतोडीस जातात. तेथें स्त्री वांकून ऊस तोडते, मोळी बांधते, आणि तीस-चाळीस किलोंचा तो भार डोईवर घेऊन फळीवरून गाडींत चढविते. बीड जिल्ह्यांत ऊसतोड स्त्रियांचीं गर्भाशयें काढल्याच्या तक्रारी आल्या तेव्हां सरकारनें २०१९ सालीं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. पोटांत दुखतें, पांढरें जातें, पाळीस त्रास होतो, म्हणून ज्या दवाखान्यांत गेल्या त्यांच्यापैकीं कित्येकींस, हा अवयव काढल्यानें हाडांवर, हृदयावर, कष्टाच्या शक्तीवर पुढें काय परिणाम होतो हा प्रश्न विचारतांच आला नसेल. तो विचारतां यावा एवढें शिक्षण त्यांस कोणीं दिलें होतें? मुकादमाची उचल, दवाखान्याचा लोभ आणि गरिबी हीं कारणें मोठीं आहेत. एका शाळेच्या विषयानें तीं नाहींशीं होतील असा भाबडा दावा आम्ही करीत नाहीं. परंतु अज्ञान हें त्या साऱ्यांचें हत्यार आहे, आणि तें हत्यार काढून घेणें शाळेच्या हातांत आहे.

आतां या विषयांत शिकवावयाचें तरी काय? आमच्या मतें त्याची प्रयोगशाळा सोपी आहे. एक घड्याळ, एक फीत, एक वजनकांटा, रक्तदाब पाहण्याचें एक यंत्र आणि एक मैदान. मुलानें बसल्या जागीं नाडी मोजावी, जिना चढून आल्यावर मोजावी, पूर्ववत् होण्यास किती मिनिटें लागतात तें लिहावें. आठ आठवड्यांच्या सरावानें तो काळ कसा कमी होतो याचा आलेख काढावा. त्यांत शरीरशास्त्र आलें आणि गणितहि आलें. धावण्यापूर्वीं व धावल्यानंतर वजन करावें; जेवढा किलो घटला तेवढा जवळजवळ लिटर घाम गेला, म्हणून किती पाणी प्यावें हें आपोआप कळतें. पोतें अंगाशीं धरून उचलावें आणि हात पुढें करून उचलावें. अंतर दुप्पट झालें कीं कमरेवरचा ताण कसा दुप्पट होतो हें पदार्थविज्ञानाचें तत्त्व पाठीस कळलें पाहिजे, पाठांतरास नव्हे. आणि सर्वांत मोठें तत्त्व म्हणजे विसाव्याचें. स्नायु आणि हाडें बळकट होतात तीं श्रमाच्या वेळीं नव्हे, श्रमानंतरच्या विश्रांतींत. ज्याला हें कळलें तो नडगीच्या दुखण्यावर लिंबू-मीठ चोळून धावत राहणार नाहीं; तो चार आठवडे थांबेल आणि भरतीच्या दिवशीं उभा असेल.

यावर आक्षेप घेणारे अनेक आहेत. पहिला आक्षेप ग्रामीण पालकांचा: ‘शेतकऱ्याच्या पोराला व्यायाम कशाला? तो दिवसभर राबतोच कीं.’ हा आक्षेप प्रामाणिक आहे, पण चुकीचा आहे. राबणें आणि व्यायाम एक नव्हे. राबण्यांत तेच अंग, त्याच बाजूस, विसावा न घेतां वापरलें जातें. त्यानें देह झिजतो. खव्याच्या कढईपुढें तासन्‌तास उलथनें फिरविणाऱ्याचा एक खांदा आणि एक मनगट काय बोलतात तें त्यासच विचारावें. ज्यास राबावयाचें आहे त्यास कसें राबावें हें शास्त्र अधिक हवें. शिवाय सगळींच पोरें आतां राबत नाहींत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणें भारतांतील ११ ते १७ वयाच्या मुलांपैकीं शेंकडा ७४ मुलें दिवसाला तासभरहि पुरेशी हालचाल करीत नाहींत. एकाच वर्गांत एक मूल अति राबतें आणि दुसरें जागचें हलत नाहीं, अशी आजची स्थिति आहे.

दुसरा आक्षेप अभ्यासाच्या ओझ्याचा. आम्ही ओझें वाढवा म्हणत नाहीं. आज जो तास श्रेणीच्या नांवाखालीं वायां जातो, तोच कामास लावा, आणि ज्यास हा विषय शंभर गुणांचा म्हणून घ्यावयाचा असेल त्यास ऐच्छिक विषयांच्या यादींत तो द्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें तर शाखाशाखांमधील भिंती आणि अभ्यास व खेळ यांमधील भिंत काढून टाकण्याचें वचन दिलेलेंच आहे. वचन पाळण्यास याहून सोपी जागा कोणती?

तिसरा आक्षेप असा कीं, हें शिकून मुलांचें पोट कसें भरणार? येथें एक विसंगति दाखवूं. राष्ट्रीय स्पर्धेंत खेळून आलेल्या मुलास मंडळ बारावींत सवलतीचे क्रीडागुण देतें. म्हणजे पदकास गुण आहेत, ज्ञानास नाहींत! पदक शंभरांत एकास मिळतें. ज्ञान शंभरांच्या शंभरांस देतां येतें. आणि पोटाचेंच म्हणाल तर फिजिओथेरपी, परिचर्या, शारीरिक शिक्षण, खेळाडूंचें प्रशिक्षण, वृद्धांची देखभाल हे सर्व व्यवसाय आज माणसें शोधीत आहेत. राज्यानें २०२० सालीं आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा केला आहे. वर शिखर बांधावयाचें आणि खालीं पायाच घालावयाचा नाहीं, अशानें त्या विद्यापीठांत भूमचीं मुलें कशीं पोंचणार? आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार?

चौथा आक्षेप कुजबुजींत घेतला जातो: मुलींस शरीराविषयीं वर्गांत शिकवावयाचें म्हणजे काय! या आक्षेपास आम्ही एकच उत्तर देतों. मासिक पाळीविषयीं, रक्ताविषयीं, गर्भाशयाविषयीं वर्गांत न बोलल्याची किंमत कोणीं भरली तें वर आंकड्यांत दिलेलें आहे. लाज राखण्याच्या नांवाखालीं ज्या मौनानें स्त्रियांचे अवयव गेले, त्या मौनास आम्ही सभ्यता म्हणूं शकत नाहीं.

राहतां राहिला भाषेचा प्रश्न. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता, आणि वरच्या वर्गांचें शिक्षण उर्दूंतून चाले. मराठी मुलाचें डोकें विषय समजण्याआधीं भाषेशींच झुंजून थके. म्हणून तर याच जिल्ह्यांत हिप्परग्यास राष्ट्रीय शाळा निघाली आणि स्वामी रामानंद तीर्थांनीं तेथें अध्यापन केलें. त्या लढ्यानंतर इतक्या वर्षांनीं, स्वतःच्या गुडघ्याविषयीं आणि स्वतःच्या रक्ताविषयीं जाणून घेण्यासाठीं मराठवाड्यांतील मुलास पुन्हां परभाषेचा उंबरठा ओलांडावा लागावा, ही गोष्ट स्वातंत्र्यास शोभणारी नव्हे.

तेव्हां आमची मागणी स्पष्ट आहे. राज्य मंडळानें आरोग्य व हालचालीचें शास्त्र हा लेखी व प्रात्यक्षिक परीक्षेसह शंभर गुणांचा विषय कला, वाणिज्य, विज्ञान या तिन्ही शाखांस खुला करावा आणि त्याचें पाठ्यपुस्तक प्रथम मराठींत लिहवून घ्यावें. हें होण्यास वर्षें लागतील हें आम्ही जाणतों. पण आज करण्याजोगें काम आजच करतां येईल. धाराशिव हा २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादींत आहे. तेथें आतां शासकीय वैद्यकीय महाविद्यालयहि निघालें आहे. भूमच्या संस्थाचालकांनीं आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांतील श्रेणीचा तास खरोखर भरवावा. आठवड्यांतून एकदां ग्रामीण रुग्णालयांतील डॉक्टर किंवा परिचारिका वर्गांत यावी. वर्षांतून दोनदां प्रत्येक मुलाचें रक्त तपासून आंकडा त्याच्याच हातीं द्यावा. जिल्ह्यांतील खो-खोच्या जाणत्या प्रशिक्षकांस बोलावून उडी कशी उतरावी, वळावें कसें, हें मुलींस दाखवावें. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकास मिरवणुकीच्या रांगा लावण्यांतून मोकळें करून शिक्षक म्हणून वागवावें. यांत सरकारी हुकुमाची वाट पाहण्यासारखें कांहीं नाहीं.

आणि पालकांस आमची विनंती आहे. मुलाचा निकाल लागेल तेव्हां गुणांच्या बेरजेखालीं ती एकटी श्रेणी दिसेल, तिच्यावर बोट ठेवून महाविद्यालयास विचारावें: ही कशाबद्दल दिली? माझ्या मुलीस काय शिकविलें? हा प्रश्न भूममधून दहा घरांनीं विचारला तरी पुढल्या वर्षीं तो तास रिकामा जाणार नाहीं. उद्यां पहांटेहि त्या रस्त्यावर मुलें धावणारच आहेत. त्यांचे पाय थांबवावयाचे नाहींत. त्या पायांस डोळे द्यावयाचे आहेत.